एकमताने मंजूर

कामगार संघटनेचा सचिव म्हणून वार्षिक प्रगतीचा अहवाल मीच वाचत असे. त्या वर्षी नंदनवन वस्तीतल्या सभागृहात मी वाचलं, "कन्हानच्या खाणीवर महिलांसाठी संडास मिळवला."

मागून एक बाई उठली. कोळशाने काळी पडलेली बोटं तिने पदरात गुंडाळून घेतली होती.

"भाऊ, संडास झाला गा. पण चाबी साहेबाजवळ काहून राहते? आम्ही अजून झाडामागंच जाऊन राहिलो."

"साहेब समोरच बसले हायेत, माग ना वं," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. पाहुणे म्हणून आलेले खाणीचे साहेबही हसले. पगारवाढीवर त्यांची सही अजून व्हायची होती.

"बसा बाई, नंतर बोलू," म्हणत मी पुढचा मुद्दा वाचला.

ती बसली नाही. आमच्याकडे अहवाल टाळ्यांनी मंजूर होत असे. शेवटी टाळ्या कडाडल्या, तेव्हाही तिचे हात पदरातच होते.

इतिवृत्तात मी लिहिलं, 'अहवाल एकमताने मंजूर.' तिचं नाव मी कधी विचारलं नाही. म्हणून आता एवढंच लिहून ठेवतो: एकमत नव्हतं. एक बाई शेवटपर्यंत उभी होती.