तातडीची दहा मिनिटं

वाकोल्याची दीप्ती गायकवाड अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत जावामध्ये कोड लिहायची. रक्ततपासणीचे रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर होतं ते. नोकरीला लागल्या लागल्याच तिला ‘कॉमन’ नावाचा इंटरफेस दिसला आणि तिचं डोकं फिरलं. इंटरफेस म्हणजे ‘मी अमुक काम करून देईन’ असं क्लासनं, म्हणजे कोडच्या एका स्वतंत्र तुकड्यानं, दिलेलं वचन. यात वचन एकही नव्हतं. नुसते कॉन्स्टंट, म्हणजे न बदलणारे आकडे, कोंबलेले. ते आयते वापरता यावेत म्हणून जवळजवळ प्रत्येक क्लासनं तो इम्प्लिमेंट केला होता, म्हणजे स्वतःला जोडून घेतला होता.

“हे काढू या,” ती टीमलीड अनिरुद्धला म्हणाली.

“चालतंय ना? मग कशाला हात लावतेस?”

दर वेळी हेच उत्तर. शेवटी तिनं विचारणं सोडलं, पण आतल्या आत धुमसत राहिली.

मग घाटकोपरच्या एका हॉस्पिटलातून फोन आला. एका आजोबांच्या रक्तातलं पोटॅशियम जीवघेणं वाढलं होतं. असा तातडीचा रिपोर्ट दहा मिनिटं कुणी उघडला नाही, तर डॉक्टरांचा मोबाइल वाजायला हवा. तो वाजलाच नाही. सिस्टरचं लक्ष गेलं म्हणून आजोबा वाचले.

दीप्तीनं कोड उघडला. तातडीच्या रिपोर्टांच्या क्लासमध्ये ‘वेट’, म्हणजे ‘थांब’, नावाचा स्वतःचा आकडा होता, दहा. कोडची साफसफाई करताना टीममधल्या मिथुननं ती ओळ जास्तीची समजून उडवली होती. आकडाच सापडत नाही म्हणून तिथंच एरर यायला हवा होता. पण त्याच नावाचा साठ मिनिटांचा आकडा ‘कॉमन’मध्ये होता, साध्या रिपोर्टांसाठीचा. तो गुपचूप त्या जागी येऊन बसला.

“एरर आलाच नाही गं!” मिथुन रडकुंडीला आला होता.

“तेच तर केव्हापासून बोंबलतेय मी!” दीप्ती अनिरुद्धकडे वळली. “ज्या आकड्याशिवाय वचनाला अर्थ नाही, तेवढाच इंटरफेसमध्ये ठेव. बाकीचे ज्याच्या त्याच्या क्लासमध्ये जाऊ देत ना.”

अनिरुद्धनं मान खाजवली. “तातडीचं तेवढं कर. बाकीचं पुढच्या रिलीजला बघू.”

तिनं त्या क्लासवरून ‘कॉमन’ उखडला. एररची रांगच लागली. उसना आणलेला एकेक आकडा उघडा पडला. ती चिडत, पुटपुटत संध्याकाळपर्यंत ते निस्तरत बसली. दहा मिनिटं परत जागेवर आली.

पुढचं रिलीज गेलं, त्याच्या पुढचंही. परवा ‘कॉमन’मध्ये आणखी दोन आकडे घालायचा बदल रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला, आला. दीप्तीनं त्यावर ‘नको’ लिहिलं. अनिरुद्धनं तिला डावलून मंजुरी दिली. ती उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली आणि तिनं पुन्हा ‘नको’ लिहिलं.