दोन डाव्या बाह्या

कारखान्यात तिला सगळ्याजणी 'डावी' म्हणत. एकोणीस वर्षं तिनं शर्टांच्या फक्त डाव्या बाह्या शिवल्या. उजव्या बाह्या शेजारच्या मशीनवर, कॉलर त्याच्या पलीकडे, आणि कापड कापायचा मान एकट्या कटिंग मास्तरचा. कात्री तो कुलपात ठेवायचा. एवढं त्यानं बायकोलाही जपलं नसेल, असं बाया म्हणत.

मग कारखाना बंद पडला. भरपाई म्हणून प्रत्येकीला एकेक जुनं मशीन मिळालं. डावीनं ते पुढच्या खोलीत खिडकीशी मांडलं, दारावर 'येथे शर्ट शिवून मिळतील' अशी पाटी लावली, आणि तिथेच तिचं बळ सरलं. रडू येईना की चीड येईना. दात काढण्याआधी हिरडी बधिर होते, तशी ती सगळीच झाली होती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे वरच्या मजल्यावरच्या सिस्टर. इस्पितळात जन्म काढलेल्या, सुईपेक्षा जिभेनं जास्त टोचणाऱ्या. त्यांनी गणवेशाच्या शर्टासाठी निळं कापड दिलं. नवं कापड आटतं, म्हणून कापण्याआधी एकदा भिजवून वाळवतात. डावीनं भिजवलं, वाळवलं, खडूनं मापं आखली, कात्री उचलली. हात पुढे जाईना. आपल्याला एक बाही तेवढी येते, आणि निघालो अख्खा शर्ट शिवायला! तिनं कापड पुन्हा बादलीत टाकलं.

"झाला का गं शर्ट?" सिस्टर जिन्यात विचारायच्या.

"कापड भिजत घातलंय, सिस्टर."

महिनाभर हेच उत्तर. शेवटी धाकटा भाऊ आला. "ताई, पॅकिंगच्या कामाचं बोलून ठेवलंय. सोमवारी हो की नाही ते सांगायचंय. मशीन विकून टाकू. उगाच जिवाला घोर कशाला?" पोरगा वाईट नव्हता. पण हो म्हटलं की उरलेला जन्म खोक्यांना चिकटपट्टी लावण्यात जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तरीही तिला काहीच वाटलं नाही. ती "बघते" म्हणाली.

शनिवारी तेच कापड तिसऱ्यांदा दोरीवर पाहून सिस्टर तडक आत आल्या. "अगं, हे कापड आहे की मटकी? एव्हाना मोड आले असते!" स्टूल ओढून त्या बसल्या. "काप. मी इथून हलत नाही."

डावीला नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. तिनं कापलं.

रविवारी शर्ट तयार झाला. सिस्टरनी अंगात घातला आणि उजवा हात वर करायला गेल्या. हात अर्ध्यातच अडकला. डावीनं खांद्याजवळ बोटं फिरवली आणि तिला कळलं.

"सिस्टर, दोन्ही बाह्या डाव्या झाल्यात."

जिची महिनाभर धास्ती घेतली होती, ती चूक समोर उभी होती. आता सिस्टर तोंड सोडणार, म्हणून ती वाट पाहत राहिली. सिस्टर हात तसाच अर्धवट धरून म्हणाल्या, "बरं. मग आता काय करायचं?"

पेशंटला विचारावं तसं विचारलं. डावीनं बाही उलटून पाहिली. तीनदा धुऊन कापडाची चकाकी पार गेली होती. सुलटी बाजू कुठली, उलटी कुठली, सांगता येत नव्हतं. म्हणजे बाही उसवून उलटी केली, की ती उजव्या हाताची होणार होती. भीतीपायी केलेल्या धुण्यानंच तिला वाचवलं होतं. ती घाईघाईनं उसवायला बसली. बऱ्याच दिवसांनी तिला काहीतरी जाणवत होतं.

दुरुस्त शर्टात सिस्टरनी दोन्ही हात डोक्यावर नेले. "रंग तेवढा उडाला," म्हणाल्या आणि दुसरं कापड टेबलावर ठेवलं. "हे एकदाच भिजव."

सोमवारी सकाळी भाऊ दारात आला. "ताई, मग हो सांगू ना त्यांना?"

कात्री कापडात अर्ध्यावर होती. डावीनं मानही वर केली नाही.

"थांब जरा," ती म्हणाली. "उजवी बाही कापतेय."