काठापुरती साडी

मालेगावच्या शेठची वेबसाइट उघडत नव्हती आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं होतं.

घरच्या टेलिफोनच्या तारेवरूनच इंटरनेट यायचं, तेव्हाची ही गोष्ट. नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका लहान कंपनीत मी वेबसाइट बनवायचे. शेठच्या यंत्रमागांवर रंगीत साड्या निघायच्या. खानदेशातल्या दुकानदारांनी आपापल्या गावी बसून नवी डिझाइनं पाहावीत आणि ऑर्डर द्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आमच्या सरांनी काय केलं? साइट उघडली की आधी सनई वाजायची, मग शेठच्या पेढीचं नाव गरगर फिरायचं आणि शेवटी एकाच पानावर हंगामातल्या सगळ्या साड्या.

"सर, गावाकडच्या लाइनवर हे उघडायचं नाही," मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

"तू कोड लिही. धंदा मी बघतो."

उघडलं नाहीच. शेठ तणतणत ऑफिसात आले, तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं काम कच्चं केलंय. फुलबाजारातनं आलेली मुलगी, शिकतेय अजून."

मी कीबोर्ड आपटला, चपला घातल्या आणि निघाले. नोकरीचं विशेष काही नव्हतं. पण शेठच्या कानात ते वाक्य तसंच राहिलं, हे सलत होतं. नाशिकमध्ये ही कामं करणारे आणि करवून घेणारे मूठभर. कच्चं काम करणारी म्हणून नाव झालं असतं, तर मला दारात कोण उभं करणार होतं?

फुलबाजाराचं खोटं नव्हतं. मखमलाबादच्या बाजूला आमची फुलशेती. झेंडूच्या करंड्या मांडून मी आईबरोबर बाजारात बसलेली आहे. फुलं टवटवीत राहावीत म्हणून आम्ही पाणी मारायचो, आणि वजन वाढावं म्हणून थोडं जास्तच मारायचो. मुरलेलं गिऱ्हाईक आधी करंडी झटकायचं, मगच काट्यावर ठेवू द्यायचं. त्यामुळे पाणी कुठे दडतं ते मला ठाऊक होतं. शेठच्या पानात पाणीच पाणी होतं. कॅमेऱ्यातून निघालेला भलामोठा फोटो सर जसाच्या तसा चढवायला लावायचे. पडद्यावर तो काडेपेटीएवढा दिसायचा, तारेतून मात्र भिंतीएवढाच यायचा.

मी एसटी पकडून मालेगाव गाठलं. शेठ गादीवर बसले होते. मला पाहून कपाळाला आठ्या.

"तू? तुझ्यामुळेच तर सगळा घोटाळा!"

"माझ्यामुळे नाही. पटवून देते. नाही पटलं तर चहासुद्धा न घेता जाते."

"चहा तर घ्यावाच लागेल, बेटी. मालेगावात आलीयेस."

चहा आला आणि सौदा सुरू झाला.

"सनई काढायची," मी म्हटलं.

"वा! मग शान काय राहिली?"

"शान दुकानदारापर्यंत पोचते का?"

शेठनी बशी खाली ठेवली. "बरं, काढ."

"नाव पण."

"ते माझ्या वडलांचं नाव आहे!"

"नाव ठेवते. फिरवत नाही. वडील काय असे गरगर फिरायचे का?"

शेठना हसू आलं. पण फोटोंवर ते अडून बसले. साडी पूर्ण दिसलीच पाहिजे, नाहीतर दुकानदार घेणार काय? मी आवाज चढवला, त्यांनी माझ्यापेक्षा चढवला. मग मी शेजारच्या गठ्ठ्यातून एकाच रंगाच्या दोन साड्या ओढल्या.

"यांत फरक काय?"

"अगं, फरक काठात! अंग सगळ्यांचं सारखंच."

मला एवढंच त्यांच्या तोंडून हवं होतं. "मग पानावर काठच दाखवू. ज्याला आवडेल तो काठावर क्लिक करेल, त्याला पूर्ण साडी येईल. बाकीच्यांनी ती फुकट का वाहायची?"

शेठनी दोन्ही काठ शेजारी धरून पाहिले. "सौदा कुठे शिकलीस?"

"फुलबाजारात. सर म्हणाले नव्हते का?"

"आणि घेणार काय?"

"उघडलं तर तुम्ही सरांच्या ऑफिसात यायचं. जिथे ते वाक्य ऐकलंत, तिथेच उभं राहून सांगायचं, चूक हिची नव्हती."

"म्हणजे पैसे नकोत?"

"पैसे तर द्यायचेच."

शेठकडून साइटचा पासवर्ड घेऊन मी कामाला लागले. काठाचे तुकडे कापले. एकेक फोटो रंग बिघडेपर्यंत हलका करायचा आणि मग एक पाऊल मागे यायचं. आधी सगळं पान एकाच मोठ्या चौकटीत अडकलेलं होतं, शेवटचा फोटो येईपर्यंत पहिलाही दिसायचा नाही. त्या चौकटीच्या मी वेगवेगळ्या ओळी केल्या. पहिली ओळ बघता बघता पुढच्या येत राहतील.

परीक्षा शहाद्याच्या एका दुकानदाराकडे ठरली. त्याच्याकडे फोन एकच. इंटरनेट लावलं की फोन एंगेज. त्याने पान उघडायचं, साडी निवडायची आणि नेट तोडून शेठना फोन करायचा. मागच्या खेपेला त्याचा फोन आला होता तो शिव्या द्यायला. वाट बघून बघून त्याच्या बायकोने वायरच उपटली होती.

ठरल्या वेळी पेढीवरून शेठनी त्याचा नंबर फिरवून पाहिला. "एंगेज. बसलाय नेटवर."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. गरज आहे हे तोंडावर दिसलं की भाव पडतो.

फोन खणाणला. शेठनी तोंड वाकडं केलं. "इतक्यात? म्हणजे नेट तुटलं असेल." त्यांनी रिसीव्हर उचलला आणि लगेच कानापासून लांब धरला. पलीकडचा माणूस ओरडत होता, मलासुद्धा ऐकू येत होतं.

"शेठ, उघडनं! रंग बी भारी शे! ते दुसऱ्या ओळीतलं पोपटी काठाचं, त्याचा काय भाव?"

शेठ भावावर असे तुटून पडले, की मी समोर आहे हेच विसरले. मी कॅलेंडरवरची नजर काढली आणि दुसरा चहा स्वतःच मागवला.

शेठ शब्दाला जागले. सरांच्या ऑफिसात, त्याच टेबलापाशी उभे राहून मोठ्याने म्हणाले, "ही मुलगी खरं बोलत होती. सनई तुमची होती."

"हो, हो, शेवटी काम सगळ्यांनी मिळूनच केलं होतं," सर म्हणाले. चुकलो, हा शब्द तोंडातून निघाला नाही. तो आजवर निघालेला नाही आणि मीही विसरलेले नाही. उलट माझ्याकडे वळून म्हणाले, "परत येतेस का?"

"पगार?"

त्यांनी आकडा सांगितला. मी नुसती नाही म्हणून मान हलवली. त्यांनी वाढवला. मी दाराकडे पाहिलं. त्यांनी आणखी वाढवला, मग आणखी. रुमाल काढून मान पुसायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "नको."

जिना उतरताना शेठ कळवळले. "अगं, एवढा पगार सोडलास?"

"सोडला. पण एवढा देता येत होता, हे त्यांच्या तोंडून सगळ्या ऑफिसनं ऐकलं ना?"