काठीने ओढलेली रेघ

हे नितीनलासुद्धा माहीत नाही. नितीन माझा नवरा, माझ्या पासवर्डपासून माझ्या घोरण्यापर्यंत सगळं त्याला ठाऊक आहे — हे सोडून. आईला सांगितलं नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तरी दुसरंच काहीतरी पुटपुटून बाजूला होते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की आता पोटात राहीनासं झालंय म्हणून? जाऊ दे. सुरुवात करते, नाहीतर पुन्हा उठून डिशवॉशर आवरायला जाईन. सकाळपासून तेच चाललंय.

गेल्या शनिवारी मीनलचा पन्नासावा वाढदिवस झाला, आमच्या क्लबहाउसमध्ये. तिथे काय झालं ते सांगायचंय. पण आधी मीनल कोण, ते सांगायला हवं.

मीनल माझी मैत्रीण. दोन घरं सोडून राहते. तिचा नवरा काय आणि माझा काय, दोघेही गाड्यांचे इंजिनिअर — इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये, दगड मारला तर गाड्यांच्या इंजिनिअरलाच लागतो. मी नागपूरहून नवी आले तेव्हा बर्फात ब्रेक कसा दाबायचा ते तिनं शिकवलं. माझ्या बाळंतपणात महिनाभर डबा तिच्या घरून आला. मी तिला मिनू म्हणते. ती मला ‘शुभे’ म्हणून अशी हाक मारते की अख्ख्या पार्किंग लॉटला कळतं, शुभा आलीय.

तिचे बाबा फौजेत होते. तरुणपणी लडाखला पोस्टिंग असताना त्यांनी एका गोंपात, म्हणजे तिथल्या मठात, मुखवट्यांचा नाच पाहिला होता. साताऱ्याला सुट्टीवर आले की ते तोंडापुढे सूप धरायचे आणि स्वयंपाकघरात गोल गोल नाचायचे, तोंडानंच ढोल वाजवत. आई ओरडायची, “अहो, निवडलेले तांदूळ होते त्यात!” आणि छोटी मीनल हसून हसून लोळायची. बाबा गेले, आणि तिनं ठरवलं की तो नाच एकदा बघायचाच. “बाबा खरं दाखवायचे की नुसतं फेकायचे, ते चेक करायचंय,” म्हणायची. हसत म्हणायची, पण डोळे भरून यायचे.

चार वर्षांपूर्वी तिला एक टूर सापडली. लडाखची संस्कृती, गोंपाचा उत्सव आणि ट्रेक, सगळं एकत्र, बरोबर गाइड. तीन दिवस चालायचं, चौथ्या दिवशी खिंड ओलांडून पलीकडच्या गावात उत्सवाला पोचायचं. तेच गाव, बाबांनी नाच पाहिलेलं. तिच्या नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून तिनं मला विचारलं. आणि मी? मी तर नाचतच तयार झाले.

मिशिगनमध्ये डोंगर कुठून आणायचा? शाळेमागे मुलं बर्फात घसरतात ती टेकडी — टेकडी कसली, उंचवटा! सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून आम्ही दोघी तिथे वरखाली करायचो. कुत्री फिरवणारे लोक थांबून बघायचे. त्याचे फोटो ग्रुपवर टाकायचे ते मी. बाता मारायचे त्याही मीच. भिशीत सगळ्यांना ऐकवायचे, चढायचं काय, मनाची तयारी लागते! आता आठवलं की कान गरम होतात.

लेहला पहिल्या संध्याकाळी आमच्या गाइडनं, स्टान्झिननं, सगळ्यांना बसवून विरळ हवेबद्दल सांगितलं. डोकं दुखलं, मळमळलं, तोल गेला तर लपवू नका म्हणाला. मग हातातल्या काठीनं मातीत एक सरळ रेघ ओढली आणि पावलाला पाऊल चिकटवत तिच्यावरून चालून दाखवलं. हवेचा त्रास डोक्यात गेला असेल तर माणसाला असं चालता येत नाही. आम्ही सगळे हसत हसत एकेक करून चाललो. मीनलचा तोल गेला, माझा नाही गेला. मला बरं वाटलं होतं, अजून आठवतंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी तंबूंपाशी पोचलो आणि समोर ती खिंड दिसली. करड्या डोंगरावर नागमोडी पायवाट, आणि तिच्यावरून उतरणारी खेचरं — मुंग्यांएवढी.

तर, भीती वाटली. पुढे मी जे केलं, त्याचं हे पहिलं कारण. कितीतरी महिने मी स्वतःला एवढंच सांगत होते. भीती कुणालाही वाटते, हो की नाही? पण भीती वाटली तर माणूस म्हणतो ना, की बाई गं, मला भीती वाटतेय! मी का नाही म्हटलं? त्या टेकडीवरच्या फोटोंमुळे. त्या बातांमुळे. बरं, तेवढंच होतं का?

नाही. थांबा — नीट सांगते. ते तीन दिवस मी सगळ्यांच्या मागे होते आणि मीनल पुढे. ग्रुपमधल्या सगळ्यांना तिनं सुपाची गोष्ट सांगितली होती. इतकंच काय, भातुकलीतलं एक इवलंसं सूप आणलं होतं तिनं साताऱ्याहून, तो नाच चालू असताना हातात धरायला. सगळे तिचेच होऊन गेले. ह्यूस्टनच्या एक काकू तर येता-जाता तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या — “तुझ्या बाबांनाच भेटायला चाललोय गं आपण.” मला कुणी विचारलं नाही, तू का आलीस. विचारलं असतं तरी काय सांगणार होते? मिनू आली म्हणून आले. जळफळाट होत होता माझा. मैत्रिणीच्या मेलेल्या बापाच्या आठवणीवर जळणारी बाई असते का कुठे? असते. मी होते.

चौथ्या दिवशी सकाळी मी तंबूतून बाहेर आले आणि म्हटलं, डोकं फुटतंय. मळमळतंय.

डोकं दुखत नव्हतं. रात्री छान झोप लागली होती. स्वयंपाकाच्या तंबूतून पराठ्यांचा वास येत होता आणि मला भूक लागली होती.

स्टान्झिननं बोटाला क्लिप लावून ऑक्सिजन बघितला. तिथे सगळ्यांचाच कमी होता, माझाही होता. मग त्यानं काठीनं मातीत रेघ ओढली. मी चालले. पहिली दोन पावलं नीट टाकली — पहिल्यापासूनच डगमगले तर खोटं वाटेल, एवढाही विचार मी केला होता! तिसऱ्याला उजवीकडे झुकले, हात पसरले, रेघेबाहेर पाय टाकला आणि मीनलच्या अंगावर गेले. तिनं मला दोन्ही हातांनी पकडलं. तिचं हृदय धडधडत होतं ते मला जॅकेटमधूनही कळलं.

स्टान्झिननं शंका घेतली नाही. त्रास होतोय म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, हाच त्यांचा नियम. ताबडतोब खाली, एवढंच म्हणाला.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुमच्यापाशी बसले नसते. एक घाबरट बाई खाली उतरली, काय मोठंसं? पण खरं ते पुढेच आहे. त्याच्याभोवतीच मी इतका वेळ घिरट्या घालतेय.

स्टान्झिन मीनलला म्हणाला, “आप चलिए, मैडम. इनको खच्चरवाला नीचे ले जाएगा, वहाँ मेरा भाई गाड़ी लेकर खड़ा है. चिंता मत कीजिए.” म्हणजे सगळी सोय झालेली होती. मीनलनं बूट घातले होते, सॅक पाठीवर होती. तिनं एकदा खिंडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. काकू म्हणाल्या, “ये गं तू, तिची काळजी घेतील हे लोक.” ती एक पाऊल वळलीसुद्धा. आणि मी तिची बाही धरली.

“मिनू, मला सोडून जाऊ नकोस. मला काही झालं तर?”

हे मी म्हटलं. भीतीपोटी नाही, भीती तर तेव्हा संपली होती — मी उतरणार हे ठरलंच होतं. मला ती वर गेलेली नको होती. मी खाली लॉजमध्ये बसलेली असताना तिचं सगळं पुरं व्हावं, तिनं उजळलेल्या चेहऱ्यानं परत यावं आणि मला सगळं सांगावं, हे मला सहन होत नव्हतं. आणि बाही धरताना मला पक्कं माहीत होतं, ती थांबणार. मिनू थांबतेच.

तिनं एकच विचारलं, गाडीनं फिरून त्या गावाला जाता येईल का? स्टान्झिन म्हणाला, दोन दिवस लागतील, उत्सव संपलेला असेल. “बरं,” म्हणाली. “चल शुभे.”

उतरताना सगळी वाट तिनं माझा हात सोडला नाही. खालच्या गावात मी दोन प्लेट मॅगी खाल्ली. ती कौतुकानं बघत होती. “बघ, उतरलं की बरं वाटतंच,” म्हणाली, आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. नळ कशासाठी सोडला होता, ते मला कळलं नाही असं नाही.

परत आल्यावर ह्यूस्टनच्या काकूंनी नाचाचा व्हिडिओ पाठवला. मीनलनं तो उघडला नाही. “पुढच्या वर्षी प्रत्यक्षच बघीन, यार!” त्याऐवजी तिनं गोष्ट सांगायला सुरुवात केली. दिवाळीला, पॉटलकला, हळदीकुंकवाला — शुभीचा जीव कसा वाचला. स्वतः उठून माझी चाल करून दाखवायची, हात पसरून, डगमगत. लोक हसायचे, मग गंभीर व्हायचे, मग तिच्याकडे आदरानं बघायचे. मी मान खाली घालून उभी. लोकांना वाटायचं, किती उपकार मानते बिचारी.

पुढचं वर्ष यायच्या आत तिची बोटं सुजायला लागली. संधिवात — म्हातारपणचा नव्हे, तो दुसरा, जो कुठल्याही वयात येतो आणि सांधे खाऊन टाकतो. आता ती घरातला जिना बसून उतरते. बाहेर पडली की काठी लागते.

गेल्या हिवाळ्यात तिनं मला बोलावलं. म्हणाली, आता काही जाणं होत नाही, चल, बघून टाकू. टीव्हीवर तो व्हिडिओ लावला. मोठ्या मुखवट्याचा एक लामा पाय उचलून सावकाश गोल फिरला, आणि ही ओरडली, “अगं, बाबा हेच करायचे! सेम! फेकत नव्हते गं!” मांडीवर ते इवलंसं सूप होतं. तोंडापुढे धरायला गेली, पण बोटांत धरवेना. मग मी धरलं. तिच्या तोंडापुढे मी सूप धरून बसले. त्यामागे ती हसतेय की रडतेय, मला दिसत नव्हतं. मग सुपामागून आवाज आला, “जाऊ दे. नाच हुकला, पण तू राहिलीस ना. मी वर गेले असते आणि तुला काही झालं असतं तर?”

तेव्हा सांगायचं होतं. मी सूप तसंच धरून बसले. घरी आल्यावर स्वतःला समजावलं, सांगून तिला काय मिळणार? त्या प्रवासातली तिच्याकडे उरलेली एकच चांगली गोष्ट, तीही काढून घ्यायची? तिच्यासाठीच गप्प बसलेय मी. बघा! लगेच सबब तयार. तिच्यासाठी वगैरे काही नाही हो. तिनं माझ्याकडे बघणं थांबवू नये, म्हणून गप्प बसलेय.

तर गेला शनिवार. केक कापून झाला, आणि कुणीतरी म्हणालं, मीनल, ती लडाखची गोष्ट! तिनं सांगितली, खुर्चीत बसूनच. चालीपाशी आली आणि थांबली. “आता मला काही करून दाखवता येत नाही बाबा.” तिची लेक सई टाळ्या वाजवत माझ्याकडे वळली, “मावशी, यू डू इट! डू द वॉक!” मग सगळेच. नितीनसुद्धा. मी नको नको म्हणत होते, पण मीनलनं आपली काठी उलटी धरली, खुर्चीतून वाकली, आणि क्लबहाउसच्या कार्पेटवर, हात पोचेल तिथपर्यंत, एक सरळ रेघ ओढली. “हं, मी स्टान्झिन. चल शुभे.”

मला वाटलं होतं, मी ती चाल विसरले असेन. दोन पावलं नीट टाकली. तिसऱ्याला उजवीकडे झुकले, हात पसरले, रेघेबाहेर पाय टाकला. सगळा हॉल हसत सुटला. मीनल मुठी न उघडता, मनगटांनीच टाळ्या वाजवत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या.

“अगदी अश्शीच!” ती सगळ्यांना सांगत होती. “बघा, अगदी अश्शीच चालत होती ही!”

बरोबर होतं तिचं. त्या सकाळीही मी अशीच चालले होते.