काट्यावर न दिसणारा दिवा

श्रीवर्धनला मी मास्तर होतो, तेव्हा गावात वीज नव्हती. फक्त एका शेठने बंगल्यामागे, सुपारीच्या वाडीत, डायनामो बसवला होता. तिथला वायरमन रोज दिवेलागणीला मीटरचे काटे वाचून डायनामोच्या खोपटीच्या दारावर खडूने गणित मांडायचा.

"एकशेदहा व्होल्ट, अर्धा अँपियर. गुणलं तर पंचावन्न वॅट, भागलं तर दोनशेवीस ओहम. म्हंजे एकच दिवा, मास्तर. आज शेठाणी एकट्याच हायेत."

वायरिंग झाल्यापासून त्याला बंगल्यात कोणी बोलावलं नव्हतं. घरातली माणसं त्याला काट्यावरूनच कळायची.

"ह्यात तुझा दिवा धरलास का?" मी एकदा विचारलं.

तो कोपऱ्यातल्या कंदिलाची काच पुसत राहिला.

"ह्यो घासलेटचा. ह्यो काट्यावर दिसत न्हाय."