सारसाची हाक, फोनवरून

मंडळी, आज सकाळी मैत्रिणीचा गोंदियाच्या धानशेतांतून फोन आला. आम्ही दोघी मिळून रानावनात पक्ष्यांचे फोटो काढायचो. "समोर सारसाची जोडी आहे, ऐक," म्हणाली आणि तिने फोन उंच धरला.

मी इकडे शहरात, महाल भागातल्या घरी बाबांना चहा पाजत होते. त्यांना लकवा मारल्यापासून मी कुठेच गेले नाही, कॅमेरा कपाटात आहे. फोन स्पीकरवर होता, ती हाक खोलीभर घुमली.

बाबांनी कप बाजूला सारला. अडखळत म्हणाले, "सारस ना? तू काहून इथं बसून राहिली वं? जाय."

मी नुसतं त्यांचं तोंड पुसलं. दिवसभर कशातच लक्ष नाही. घरी असं माणूस असताना तुम्ही पहिल्यांदा बाहेर कसे पडलात?