नाणे खरे, ठसा खोटा

टपाल खात्यात माझी सगळी नोकरी झाली. नाशिकरोडला खिडकीमागे बसून पत्रांवर शिक्के मारले. निवृत्तीनंतर जुन्या नाण्यांच्या नादी लागले, तेही एकाच जातीच्या: स्पेनच्या राजाचं तोंड असलेली, मेक्सिकोत पाडलेली चांदीची मोठी नाणी, ज्यांच्यावर नंतर दुसऱ्या कुणीतरी आपला ठसा मारलेला असतो.

ही नाणी व्यापाराबरोबर जगभर फिरली. चीनमधल्या सराफांनी चांदी पारखून त्यांवर बारीक अक्षरं ठोकली. इंग्लंडात चांदीची नाणी कमी पडली तेव्हा तिथल्या लोकांनी स्पेनच्या राजाच्या मानेवर आपल्या राजाचं एवढंसं डोकं उमटवलं आणि तेच नाणं चालवलं. मला त्याचं फार अप्रूप.

"रिटायर झालीस तरी शिक्के काही सुटले नाहीत तुझे," यजमान म्हणायचे.

मानेवर डोकं असलेलं असं एक नाणं मला सराफ बाजारात एका व्यापाऱ्याकडे मिळालं. ते घेतलं त्या आठवड्यात मी घरी आलेल्या प्रत्येकाला, अगदी गॅसवाल्यालाही, दाखवलं असेल.

मग शहरात नाण्यांचं प्रदर्शन भरलं. तिथे एका वयस्कर संग्राहकांनी माझं नाणं भिंगाखाली धरलं. 

"ताई, रागावणार नसाल तर सांगतो. नाणं अस्सल आहे. ठसा अलीकडचा आहे."

"कशावरून?"

"स्पेनच्या राजाचा चेहरा झिजून गुळगुळीत झालाय. ठशाची कड मात्र बोटाला लागते. आणि इथे बघा, ठशातल्या डोक्याच्या नाकापाशी. ठसा मारायच्या साच्यालाच टवका गेलाय."

मी बोट फिरवलं. कड लागत होती. आयुष्यभर शिक्के हाताळलेल्या बाईला हे दिसू नये? कान गरम झाले. यजमान शेजारीच होते, पण त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी व्यापाऱ्याकडे गेले. तो भांडला वगैरे नाही.

"मलाही तसंच आलं होतं हो मॅडम. द्या परत, पैसे देतो तुमचे. दुसरं गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."

"त्यांना सांगाल ना, ठसा खोटा आहे म्हणून?"

तो फडक्याने काउंटरची काच पुसायला लागला. मी नाणं पर्समध्ये टाकलं आणि बाहेर पडले.

"पैसे मिळत होते तर घ्यायचे," यजमान म्हणाले.

"मग ते आणखी कुणाच्या तरी घरी गेलं असतं."

 संध्याकाळी त्यांनी आपणहून एक पांढरं कार्ड घेतलं आणि त्यावर सुबक अक्षरात लिहिलं: नाणे खरे, ठसा खोटा.

पुढच्या प्रदर्शनात मी ते नाणं त्या कार्डासकट मांडलं. दुपारी चांदवडहून आलेले एक कांदा उत्पादक शेतकरी समोर थांबले. कार्ड दोनदा वाचलं आणि शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पुडी काढली.

"माझंबी बघता का, मॅडम? लय दिवस शोधत होतो असलं, तवा गावलं."

तेच डोकं, नाकापाशी तोच टवका.  मी नुसतं भिंग पुढे केलं. त्यांनी आधी माझं नाणं पाहिलं, मग आपलं, मग पुन्हा माझं.

"एकाच हातचं हाय हे."

"हो."

"पोराला सांगितलं होतं, आपल्या घरात इंग्लंडचा राजा आलाय म्हणून." ते हसले, पण चेहरा उतरलेलाच होता. मी त्यांना बसायला खुर्ची दिली. यजमानांनी चहा आणला. थोड्या वेळाने शेतकऱ्यांनी विचारलं, "माझंबी ठेवता का इथं, तुमच्या शेजारी?"

दिवसभर दोन्ही नाणी शेजारी शेजारी होती. माझ्या अस्सल नाण्यांपेक्षा तिथेच जास्त लोक थांबले, वाकून वाकून नाक शोधत राहिले.

आता कुठेही असं नाणं दिसलं की ते शेतकरी मला फोन करतात. मग दोघं मिळून भिंग लावून बघतो. त्या प्रदर्शनानंतर आम्ही दोघांनीही असलं एकही नाणं अजून घेतलेलं नाही.